चुंबकी पट्टा औषध ओढत नाही
बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात आपल्या कितीतरी आजी-आजोबांच्या गुडघ्याला चुंबकी पट्टा असतो. रक्तात लोह असतं, म्हणून चुंबक गोळीचं औषध रक्तासकट दुखऱ्या जागी खेचतो, ही समजूत चुकीची आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चिकटत नाही. ऑक्सिजनयुक्त रक्त तर किंचित दूरच ढकललं जातं. एमआरआय यंत्राच्या १.५ किंवा ३ टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकी क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) एवढ्या ताकदीतही रक्त एका जागी गोळा होत नाही.

चुंबकाने औषध नेण्याच्या खऱ्या तंत्रात लोह ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांना औषध जोडून ते शिरेत सोडतात आणि कर्करोगाच्या गाठीजवळ शक्तिशाली चुंबक धरतात. जर्मनीतल्या अशा चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. औषध होतं एपिरुबिसिन, म्हणजे कर्करोगावरचं एक औषध. अंतर वाढताच चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, त्यामुळे खोलवरच्या अवयवांपर्यंत हे नेणं अजून अवघड आहे. पट्ट्याच्या भरवशावर गोळ्या मात्र कमी करू नका.