बाथरूमची चौकट खालूनच का कुजते?

बाथरूमच्या चौकटीच्या तक्रारी बहुतेक एकाच जागेच्या असतात, खालच्या चार-सहा इंचांच्या. रंग सुटतो, पट्टी फुगते, दार लादीला घासायला लागतं. मटेरियल हलकं निघालं असं वाटतं. पण पुष्कळदा चूक बसवण्यात असते. चौकटीचे पाय लादीत गाडलेले असतात.

लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे उघड्या नळ्यांचा जुडगा. झाडात ज्या वाटेनं पाणी वर चढतं, त्याच वाटेनं ते चौकटीतही चढतं. लादीखालचा मसाला आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि बाजूंना मारलेला ऑइलपेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही. सागवान असलं तरी ते अशा जागी फक्त जास्त दिवस टिकतं, इतकंच.

म्हणून आम्ही लाकडी चौकटीचं माप टाईल लागल्यावरच घेतो. त्यामुळे तुमचे दोन-तीन दिवस जास्त जातात, कबूल. पण आधी माप घेतलं की लादीची लेव्हल बदलते, मग सुतार जागेवर पाय कापतो आणि ते कोरं टोक तसंच लादीवर टेकतं. आमच्याकडून येणाऱ्या टोकांना इपॉक्सीचे दोन हात दिलेले असतात. जागेवर कापावंच लागलं, तर तिथं पुन्हा दोन हात द्या. टोक आणि लादी यांत 3 मिमी फट ठेवा आणि ती न्यूट्रल सिलिकॉननं भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला बाधतं. भरल्यावर 24 तास पाणी नको.

आता मटेरियल. प्लायवुडवरचं 'एमआर' (मॉइश्चर रेझिस्टंट) वाचून पुष्कळजण ते वॉटरप्रूफ समजतात. एमआर हवेतली दमट ओल सोसतं, साचलेलं पाणी नाही. बाथरूमला आयएस 710चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलंच घ्या, त्याच्या चाचणीत 72 तास उकळणं असतं. एचडीएचएमआर, म्हणजे ओल सोसणारा दाट फायबर बोर्ड, बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला चालेल, लादीलगतच्या पट्टीला आम्ही देत नाही.

डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं मटेरियल, पाणी पीत नाही. त्याची अडचण स्क्रूची. 8 नंबरच्या स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक पाडा, कडेला चिकटून मारू नका, नाहीतर वर्षभरात बिजागरी सैल होते. स्क्रू 304 स्टेनलेस स्टीलचेच वापरा.

रोज बादलीनं अंघोळ होत असेल आणि दार ओल्या भागालगत असेल, तर डबल पट्टी (दोन पट्ट्या जोडलेली) ग्रॅनाईटची चौकट घ्या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. ती मात्र टाईलबरोबरच बसते. बिजागरीची भोकं ड्रिलचा हॅमर बंद ठेवून पाडायची, नाहीतर कड उडते.

काम चालू असेल तर गवंडी उंबरा बसवायच्या आधी दाराच्या जागेचा फोटो पाठवा, टेप लावून, खालचा कोपरा नीट दिसेल असा. कोणती चौकट बसेल ते सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.