आर्चटॉप गिटारच्या तारा बदलण्याआधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात एक तरुण ग्राहक दुपारी चारला दुकानात आले. रात्री गोव्यात कार्यक्रम, चोर्ला घाट अजून उतरायचा होता. एका हातात आर्चटॉप गिटार, दुसऱ्या हातात कॅरीबॅग, आणि कॅरीबॅगमध्ये गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. "निघून पडला, जरा चिकटवून द्या." हा ब्रिज चिकटवायचा नसतोच. अशा गिटारी वरचेवर येऊ लागल्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

साध्या अकूस्टिक गिटारचा ब्रिज लाकडाला पक्का चिकटवलेला असतो. आर्चटॉपची पाटी व्हायोलिनसारखी फुगीर असते. गिब्सन कंपनीची एल-5 ही आर्चटॉप 1922 साली आली, तिला छेदही व्हायोलिनसारखेच, एफ आकाराचे. ब्रिजचंही तेच. व्हायोलिनच्या घोडीसारखा तो फक्त तारांच्या दाबावर उभा असतो. तुम्ही सहाही तारा एकदम काढल्या की दाब गेला, ब्रिज सरकला. मग अंदाजाने परत ठेवता. मोकळ्या तारा सुरात लागतात, पण वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांवर) सगळं बेसूर, आणि तुम्हाला वाटतं तारा खराब निघाल्या.

तेव्हा एक तार काढा, तिच्या जागी नवी चढवा, सुरात आणा, मगच दुसरीला हात लावा. त्याआधी ब्रिजच्या दोन्ही पायांशी मास्किंग टेपचे तुकडे लावून खूण करा. शेवटी बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज नेकपासून किंचित मागे, उतरा आला तर नेककडे. काही मॉडेलचा ब्रिज मात्र पिनांवर पक्का बसवलेला असतो. आपला कुठला हे कळत नसेल तर दुकानात आणून दाखवा, बघून सांगायचे पैसे घेत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे जॅझचा तो गोल, मऊ आवाज कसा येईल? पेडल घेण्याआधी नेकजवळचा पिकअप लावा, टोन कमी करा आणि फ्लॅटवाउंड तारा चढवा. त्यांच्यावरचं वेष्टण चपट्या पट्टीचं असतं, त्यामुळे बोट सरकताना खरखर होत नाही. अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी तर पिकऐवजी अंगठ्यानेच वाजवत. बेंगळुरूत जन्मलेले आणि कोलकात्यात वर्षानुवर्षं बीबॉप ही जॅझची शैली वाजवलेले गिटारवादक कार्लटन किट्टो जरूर ऐका. आपल्या कर्नाटकात जन्मलेल्या माणसाच्या हातचं हे काम आहे.

फक्त नऊ नंबरचा बारीक तारांचा सेट काढून एकदम बाराचा जाड सेट चढवू नका. ताण वाढतो, नेक पुढे ओढली जाते, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत जाड तार बसत नाही. तंबोऱ्याला जवारी हवी म्हणून आपण मिरजेपर्यंत जातो, पण गिटारच्या फ्रेटवर तार झणझणली तर तो दोषच.

"तारा बदलायला दोन दिवस कशाला?" असं बरेच जण विचारतात. तारा चढवणं अर्ध्या तासाचं काम, हे खरंच. पण नव्या ताणावर नेक रात्रभरात हलते. दुसऱ्या दिवशी ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) थोडा फिरवून ब्रिज पुन्हा लावावा लागतो. त्याच दिवशी नेलेली गिटार आठवड्यात परत येते, हे आम्ही फार वेळा पाहिलंय. मजुरी त्या दुसऱ्या दिवसाची आहे.

कॅम्पातले आमचे एक जुने ग्राहक चाळीस वर्षं जॅझ वाजवतात. मुंबईतली हॉटेलं झाली, जहाजावरचे बँड झाले. या महिनाअखेरीस ते गोव्यातल्या एका क्लबात वाजवणार आहेत आणि गिटार दहा दिवस आधीच आमच्याकडे आली. पाटीवर ब्रिजच्या पायांशी पेन्सिलीची बारीक खूण त्यांनी स्वतः केलेली. काम झालं की स्टुलावर बसून बाराव्या फ्रेटवर एकेक तार ऐकतात, डोळे मिटून, आणि मगच पैसे देतात. या वयात त्यांची एवढी तयारी असते, तर तुम्हीही निदान आठ दिवस आधी या.

बारा नंबरचे फ्लॅटवाउंड सेट दुकानात असतात. सेट आमच्याकडून घेतलात तर चढवायची मजुरी निम्मी. ब्रिज सुटलाच असेल तर त्याचे सगळे तुकडे, उंची कमी-जास्त करायच्या दोन्ही चकत्यांसकट, सोबत आणा.