रूनटेराची वाट आणि वाट्याचा जुना वाद

‘सर्व्हर मुंबैत आसतलो काय रे?’ रायट गेम्सच्या येऊ घातलेल्या ऑनलाइन खेळाचा विषय कुडाळ-मालवणकडे कुठेही निघाला की पहिला प्रश्न हाच असतो. ग्राफिक्स, गोष्ट, किंमत हे सगळं नंतर. दुसरा प्रश्न अर्ध्या तासाने येतो आणि मग रात्रभर पुरतो: एकट्याला खेळता येणार की टोळी लागणारच? आणि टोळी लागणार असेल, तर मिळालेल्या लुटीचा वाटा कसा पडणार? या खेळाचं एकही दृश्य अजून कुणी पाहिलेलं नाही, तरी त्याच्यावर भांडणं मात्र कडाक्याची होतात. नव्या पोरांना ही भांडणं नवी वाटतात, म्हणून त्यांचा मागचा धागा एकदा नीट मांडून ठेवतो.

आधी आज काय ठाऊक आहे ते. १७ डिसेंबर २०२० रोजी ग्रेग स्ट्रीट यांनी जाहीर केलं की रायटच्याच ‘लीग ऑफ लीजेंड्स’ या गाजलेल्या खेळाच्या जगावर, म्हणजे रूनटेरावर, एक मोठा एमएमओ (हजारो लोक एकाच जगात एकाच वेळी खेळतात असा ऑनलाइन खेळ) बनवण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे. स्ट्रीट हे पूर्वी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या रचनेत मोठ्या जागी होते, त्यामुळे जुन्या खेळाडूंचे कान टवकारले. मार्च २०२३ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. मग मार्च २०२४ मध्ये रायटचे सहसंस्थापक मार्क मेरिल यांनी सांगितलं की खेळाची दिशा काही काळापूर्वीच नव्याने आखायला घेतली आहे. कारण पहिला आराखडा आज उपलब्ध असलेल्या खेळांपेक्षा पुरेसा वेगळा नव्हता. फाब्रिस कोंडोमिनास यांच्याकडे सूत्रं दिल्याचं आणि आता बरीच वर्षं काही बोलणार नसल्याचंही त्यांनी त्याच वेळी सांगून टाकलं. त्या दिवशी आमच्याकडे बरेच जण हिरमुसले होते. मला मात्र तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. का, ते समजायला मागे जावं लागेल.

अनेकांनी एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरायचं, ही कल्पना १९७८ सालची. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ लिहिला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर: तुम्ही या खोलीत आहात, उत्तरेला दार आहे, समोर आणखी एक माणूस उभा आहे. सगळी गंमत त्या ‘आणखी एक माणूस’मध्ये होती. पुढे बार्टल यांनीच खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: कुणी मिळवण्यासाठी खेळतो, कुणी हिंडून बघण्यासाठी, कुणी माणसांसाठी, तर कुणी दुसऱ्याला मारण्यासाठी. हे चौघे एका गावात नांदायचे कसे, हा प्रश्न तेव्हापासून पडलेला आहे.

सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला आणि तो प्रश्न हजारो लोकांच्या पातळीवर गेला. त्याची एक हकिकत मी पोरांना नेहमी सांगतो. खेळाचे रचनाकार राफ कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जगात खरी जीवसाखळी रचली होती. गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे प्राणी, खाद्य कमी झालं की वस्तीकडे येणारे प्राणी. कागदावर सुरेख. पण खेळ उघडला आणि लोकांनी दिसेल ते मारायला सुरुवात केली. प्राणी जन्माला येण्याच्या वेगापेक्षा मरण्याचा वेग जास्त झाला आणि अख्खी साखळी काढून टाकावी लागली. माणसं माणसांनाही मारत होती. खाणीतून धातू घेऊन निघालेल्या नवख्याला वेशीबाहेर गाठायचं आणि अंगावरचं सगळं उतरवून घ्यायचं, हा काहींचा रोजचा धंदा होता. शेवटी २००० साली त्या जगाची दोन जगं करण्यात आली: फेलुका, जिथे जुने नियम चालत, आणि ट्रॅमेल, जिथे संमतीशिवाय कुणी कुणाला मारू शकत नाही. बहुतेक लोक सुरक्षित बाजूला गेले. धोका गेला तसा थरारही गेला, म्हणून जुने खेळाडू आजही हळहळतात. रूनटेरात खुली मारामारी असावी की नसावी, हा आजचा वाद म्हणजे फेलुका-ट्रॅमेलचीच गोष्ट आहे.

मार्च १९९९ मधल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने दुसरी वाट धरली. सहसा माणसांनी माणसांना मारायचं नाही, पण एकमेकांवाचून चालायचंही नाही. एकट्याने हिंडलात तर मराल, मेलात तर तुमचं सामान मृतदेहापाशी राहील आणि ते परत आणायला कुणाची तरी मदत लागेल. मोठा राक्षस पाडायला कित्येक माणसं, तासन्‌तास. आणि तो पडला की त्याच्याकडे दोन-चारच वस्तू. मग त्या कुणाच्या?

इथे मला आमची रापण आठवते. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकत आत जायचं, फिरून किनाऱ्याला यायचं, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसांच्या दोन रांगा वाळूत टाचा रोवून ओढायला लागतात. जाळं जवळ येतं तशा रांगा एकमेकींकडे सरकत जातात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्या-होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. कुणी किती ओढलं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून वाट्यावर सहसा आवाज चढत नाही. ‘एव्हरक्वेस्ट’च्या टोळ्यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच हिशेबात बसवलं. त्याला डीकेपी, म्हणजे ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, म्हणतात. मोहिमेला हजर राहिलात की गुण जमा, वस्तू हवी असेल तर साठवलेले गुण खर्च करा. कंपनीने दिलेली ही सोय नव्हती, खेळाडूंनी स्वतः बसवलेली रीत होती. आमचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि त्यांचा रेड लीडर, म्हणजे मोहिमेचा म्होरक्या, एकमेकांसमोर बसले असते, तर दोघांना एकमेकांचं बोलणं लगेच कळलं असतं.

मग २३ नोव्हेंबर २००४ रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. त्याने एकट्या माणसालाही दिवसभराचं काम दिलं. मेलात तर भूत होऊन प्रेतापर्यंत चालत या, बस्स. महिन्याला पंधरा डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसहाशे रुपयांच्या आसपास. आमच्याकडे सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजणाऱ्या पोराला हा आकडा स्वप्नातलाच होता. शिवाय ते पैसे भरायला लागणारं क्रेडिट कार्ड घरात कुणाकडे नसायचं. तरी जगभरात ऑक्टोबर २०१० पर्यंत त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले. आज रूनटेराची वाट पाहणारा प्रत्येक जण कळत-नकळत त्याच खेळाशी तुलना करत असतो.

पण त्याच खेळात डिसेंबर २००९ मध्ये एक बटण आलं. ते दाबलं की यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरवरून पाच अनोळखी माणसं गोळा करतं आणि गुहेच्या तोंडाशी सोडतं. त्याआधी गावाच्या चौकात उभं राहून ‘हीलर हवा’ (म्हणजे लढताना सोबत्यांना बरं करणारा) म्हणून हाका मारायला लागायच्या, मग चालत गुहेपर्यंत जायचं आणि वाटेत बोलणं व्हायचं. चांगला हीलर भेटला की त्याचं नाव लिहून ठेवलं जायचं, लुबाडणाऱ्याचंही. बटण आल्यावर वेळ वाचला, यात शंका नाही. कामावरून थकून आलेल्या माणसाला त्याचा खरा उपयोग झाला. पण सोबतच्या माणसाचं नाव लक्षात ठेवायचं कारण उरलं नाही, कारण तो परत भेटणारच नव्हता. माझ्या मते या खेळप्रकाराच्या इतिहासात यापेक्षा मोठं वळण नाही. पुढे लोक जुनाच खेळ जसाच्या तसा परत मागू लागले. जुनी आवृत्ती विनापरवाना चालवणारा ‘नॉस्टॅल्रियस’ हा सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये बंद पडला, तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीला ‘क्लासिक’ काढावाच लागला. त्या मागणीत तलवारी-चिलखतांपेक्षा चौकातल्या हाका जास्त होत्या.

मधल्या काळात कित्येक खेळ आले नि गेले. ‘वाइल्डस्टार’ २०१४ मध्ये चाळीस माणसांच्या कडक मोहिमा घेऊन आला आणि २०१८ मध्ये बंद झाला. सक्ती जास्त झाली की माणूस येत नाही, हे त्याने दाखवून दिलं. ‘न्यू वर्ल्ड’ची सुरुवात खुल्या मारामारीच्या कल्पनेतून झाली होती, मग ती ऐच्छिक केली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये तो उघडला तेव्हा एका वेळी ९ लाखांहून जास्त लोक आत होते आणि बाहेर रांगा लागल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की त्यात आता नवं काही येणार नाही. उलट बाजूचं उदाहरण एकच, पण फार मोलाचं. ‘फायनल फँटसी चौदा’ सप्टेंबर २०१० मध्ये आला तो सपशेल फसला. नाओकी योशिदा यांनी सूत्रं हाती घेतली, नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातून चंद्र पाडून ते जग कथेतच नष्ट केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवं उभं केलं. आज तो पहिल्या रांगेत आहे. रायटने आराखडा मोडून पुन्हा सुरुवात केली याचं मला वाईट वाटलं नाही, ते याचमुळे. अर्धवट जग उघडून मग मोडण्यापेक्षा न उघडता मोडलेलं बरं.

पैशाचा वाद थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं मत ठाम आहे. खेळ फुकट देऊन आत ताकद विकायची, ही रीत मला मान्य नाही. आमच्या समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींविरुद्ध पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं झगडत आहेत. केंद्राने २०१७ मध्ये अशा दिव्यांवर बंदी आणली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. ज्याच्याकडे भांडवल त्याने रात्रीत सगळं उपसायचं आणि रापणवाल्याने सकाळी रिकामं जाळं ओढायचं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला पे-टू-विन, म्हणजे पैसे मोजून जिंकणं, समजावून सांगावं लागत नाही. रायटचा आजवरचा रिवाज पोशाख विकण्याचा आहे, ताकद विकण्याचा नाही. ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट. आत काय निघेल ते ठाऊक नसताना पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांवर बेल्जियमने २०१८ पासून कडक धोरण ठेवलं आहे. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैजेचे खेळ बंद केले, पण पैज नसलेल्या खेळाला वर्गणी घ्यायची मुभा ठेवली. म्हणजे मासिक वर्गणीला इथे कायद्याची आडकाठी नाही. ती रुपयांत आणि आपल्या खिशाला झेपेल अशी असावी, एवढीच मागणी आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे, मुंबईच्या सर्व्हरकडे. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला निव्वळ अंतराचेच जवळपास ४० मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, मध्ये यंत्रं असतात, आणि आमच्या गावापासून मुंबईपर्यंतचा टप्पा वेगळाच. महामार्गाच्या खोदकामात तार तुटली की दोन दिवस काहीच नाही. जूनपासून वीज जाते-येते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. रायटने आपल्या ‘व्हॅलोरंट’ या दुसऱ्या खेळासाठी मुंबईत सर्व्हर ठेवले, म्हणून रूनटेराकडून आशा आहे. बहुतेक मोठ्या एमएमओंनी भारताला कधी स्वतःचा सर्व्हर दिलेला नाही. आम्ही जपान, युरोप किंवा सिंगापूर यातलं एक निवडतो आणि उशिराने पोचणारी तलवार चालवतो.

आमची टोळी सध्या ‘अल्बियन ऑनलाइन’ खेळते. त्याने मार्च २०२३ मध्ये सिंगापुरात आशियाचा सर्व्हर उघडला, तेव्हापासून. आम्ही सातजण: दोघे डोंबिवलीचे चाकरमानी, एक पुण्यात, चौघे गावात. वेंगुर्ल्याच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, कधी नव्वद मिलिसेकंद, कधी तीनशे. तो हीलर होता, फार चांगला. पण मंत्र टाकेपर्यंत समोरचा मेलेला असायचा. गेल्या पावसाळ्यात त्याने स्वतःच सांगितलं की मी मागे राहतो, लाकूड-दगड जमवतो, तुम्ही लढा. डोंबिवलीकरांचं म्हणणं पडलं की मग लुटीत त्याचा वाटा अर्धा असावा, कारण जोखीम आमची. गणपतीत सगळे गावी आले तेव्हा पडवीत बसून हा वाद दोन रात्री चालला. आतून आजोबा ऐकत होते. त्यांचं सगळं आयुष्य रापणीत गेलं. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण त्यांनी एवढंच विचारलं की तो जमवतो त्या लाकडाशिवाय तुमची हत्यारं होतात का? होत नाहीत, असं डोंबिवलीकरांनीच सांगितलं. त्या रात्रीपासून सात वाटे सारखे पडतात.