ट्रान्सप्लांटनंतरचं आयुष्य आणि हॉस्पिटलच्या वाऱ्या

किडनी, लिव्हर, हार्ट असा अवयव बसवल्यानंतर पेशंटला जन्मभर जी औषधं, तपासण्या, पथ्यं आणि अधूनमधून ॲडमिट होणं सांभाळावं लागतं, त्याबद्दल ही नोंद. ऑपरेशन झालं की सुटलो असं घरच्यांना वाटतं, पण तसं नसतं, डायलिसिस सुटतं आणि गोळ्या मागे लागतात. पुण्यात रुबी हॉल, सह्याद्री, दीनानाथ मंगेशकर, ज्युपिटर वगैरे ठिकाणी ट्रान्सप्लांट होतात, ससूनलाही किडनीचे झालेत. ब्रेन डेड डोनरकडून मिळणाऱ्या अवयवांची पुणे विभागाची वेटिंग लिस्ट झेडटीसीसी, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणारी विभागीय समन्वय संस्था, बघते.

किडनीवाला पेशंट साधारण आठवडा-दहा दिवस आत असतो, लिव्हरवाला दोन-तीन आठवडे. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या बहुतेक वेळा तशाच ठेवतात. डिस्चार्जनंतर सुरुवातीला आठवड्यातून दोनदा तरी ओपीडी असते, म्हणून सोलापूर-लातूरकडची मंडळी दोन-तीन महिने हॉस्पिटलजवळच खोली घेऊन राहतात. मूत्रनळीत घातलेला स्टेंट काही आठवड्यांनी काढतात, ते छोटंसं काम असतं पण पेशंट त्यालाच जास्त घाबरतात.

खरा खेळ टॅक्रोलिमसचा. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी ही मुख्य गोळी, जोडीला मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड. बहुतेकांना ती बारा-बारा तासांनी घ्यायची असते, आणि लेव्हलचं, म्हणजे औषध रक्तात किती आहे ते बघायचं, रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. त्यामुळे लॅबच्या बाकावर हे पेशंट लगेच ओळखू येतात, एका हातात गोळ्यांची डबी, लक्ष घड्याळाकडे, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर गोळी. सवयीने घरूनच घेऊन आला तर रिपोर्ट फुकट. पहिले काही महिने लेव्हल साधारण 8 ते 12 च्या आसपास ठेवतात, पुढे कमी करतात. जास्त झाली तर हात थरथरतात, शुगर वाढते, किडनीलाच मार बसतो, आणि कमी झाली तर रिजेक्शनची भीती. मेडिकलवाला 'दुसऱ्या कंपनीची देऊ का, सेमच आहे' म्हणाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, कारण लेव्हल वर जाते. अंगदुखीवर मनाने कॉम्बिफ्लाम घेणंही बंद.

परत ॲडमिट व्हायची कारणं मुख्यतः दोन, इन्फेक्शन आणि रिजेक्शन, आणि पहिल्या वर्षात एखादी तरी ॲडमिशन झाली म्हणजे ट्रान्सप्लांट फसलं असं अजिबात नाही. रिजेक्शनमध्ये बऱ्याचदा काहीच दुखत नाही, नुसतं क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) चढतं, मग बायोप्सी, त्यानंतर काही तास उताणं पडून राहायचं, आणि बहुतेकदा तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड. ताप 100.4 च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. आपल्याकडे टीबीही होतो, आणि त्यावरची रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची लेव्हल पाडते म्हणून डोसचं सगळं गणित परत मांडावं लागतं. साधे जुलाब झाले तरी सलाईनसाठी ॲडमिट व्हावं लागतं. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसचे (नसांवर परिणाम करणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे) पेशंट वाढले तेव्हा लोक पाणी उकळायला लागले, या घरांत ते आधीपासूनच चालू होतं. रसवंतीचा बर्फ, पाणीपुरी, कच्ची मटकी, गणपतीतली लक्ष्मी रोडची गर्दी, सगळ्यावर पाणी सोडायचं.

यात सगळ्यात त्रास भेटायला येणाऱ्यांचा. प्रत्येक जण गुळवेलीचा काढा घेऊन येतो, 'इम्युनिटी वाढेल' म्हणून. अहो, इथे तीच तर दाबून ठेवायची आहे!

औषधांतून सुटका होणारा एक प्रकार मात्र आहे, गर्भाशयाचा. भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण 2017 मध्ये पुण्यातच गॅलेक्सी केअरला झालं आणि 2018 मध्ये बाळही जन्मलं. मुलं झाली की असं गर्भाशय काढून टाकता येतं, मग या गोळ्याही थांबतात.

बाकीचे पेशंट काही महिन्यांत कामावर परत जातात, गाडी चालवतात, लग्नं करतात. किडनी देणाऱ्यालाही दर वर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगतात, पण डोनर बहुतेक आई नाहीतर बायको असते, आणि 'मला काय धाड भरलीय' म्हणत ती तपासणी सगळ्यात आधी टळते.