फळाच्या मूसमधला फेस टिकला कसा?

मराठीत मूस म्हटलं की आधी सोनाराची मूस डोळ्यांपुढे येते. जेवणानंतर गारेगार खातात त्या मूसचा तिच्याशी संबंध नाही. हा शब्द फ्रेंच, अर्थ साधा: फेस. फळाचा गर, फेटलेली साय, अंड्याचा पांढरा बलक, साखर, एवढ्यावर काम भागतं. फेस काढणं सोपं, तो टिकवणं अवघड. आणि माझ्या मते फळाच्या मूसचा सगळा इतिहास या टिकवण्यातच आहे.

फेस काढायची हौस जुनी. १५४५च्या सुमाराच्या एका इंग्लिश पाककृतींच्या पुस्तकात ‘थाळीभर बर्फ’ नावाचा पदार्थ आहे. दाट साय, आठ अंड्यांचे पांढरे बलक, गुलाबपाणी आणि साखर. फेटायला टोकाशी चिरलेली काठी. वर येणारा फेस काढून निथळायचा, ताटात एक सफरचंद ठेवायचं, त्यात रोझमेरीची डहाळी खोचायची आणि तिच्यावर हा फेस हिम पडल्यासारखा टाकायचा. फळ ताटात आलं, पण डहाळीला आधार म्हणून. फेसात शिरायला त्याला बराच काळ लागला.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मेनाँ यांच्या १७५०च्या आणि एमी यांच्या १७६८च्या पुस्तकांच्या काळात मूस हा स्वतंत्र पदार्थ झाला. साय घुसळायची, फेस झाऱ्यानं उचलून चाळणीवर निथळू द्यायचा, पेल्यांत भरायचा आणि पेले बर्फ-मिठात पुरून ठेवायचे. मीठ मिसळलं की बर्फ शून्याच्याही बराच खाली जातो, म्हणून फेस जागच्या जागी घट्ट होतो. बाहेर काढून थोडा वेळ गेला, की तो बसलाच.

फळानं ही अडचण वाढवली. गरात पाणी फार, त्यामुळे फेस लवकर सुटतो. त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. स्टर्जन माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास होता, वासराचे पाय तासन्‌तास उकळून काढलेली जेली होती. दोन्ही महाग आणि कष्टाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारेम या फ्रेंच आचाऱ्यानं नावारूपाला आणलेला बाव्हारवा याच मार्गानं जमायचा. फळाचा गर, फेटलेली साय आणि जेली धरवणारा पदार्थ यांचा तो मेळ म्हणजे आजच्या फळाच्या मूसचा सगळ्यात जवळचा पूर्वज. मग १८४५मध्ये अमेरिकेत पीटर कूपर यांनी जिलेटिनच्या, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या आणि जेली धरवणाऱ्या प्रथिनाच्या, भुकटीचं पेटंट घेतलं आणि पायांची उकळाउकळ हळूहळू मागे पडली.

जिलेटिनचा खरा गुण मात्र तोंडात कळतो. ते अंगाच्या उष्णतेपेक्षा कमी तापमानाला वितळतं, म्हणून घास जिभेवर विरघळून जातो. समुद्री शेवाळापासून केलेल्या आगर-आगरचं तसं नाही. ते वितळायला सुमारे ८५ अंश लागतात, म्हणून त्याचं मूस तोंडात विरघळत नाही, तुटतं. जिलेटिनचं वैर आहे ते न शिजवलेल्या अननस, पपई आणि किवीशी. त्यांतली विकरं (एन्झाइम) प्रथिनं तोडतात, म्हणून जिलेटिन धरतच नाही. फळ आधी उकळून घेतलं की विकरं निकामी होतात. पहिल्यांदा अननसाचं मूस रात्रभर गार करून सकाळी पातळ पाणी पाहिलं, तेव्हा मला हे कळलं.

सायीचं कोडं १८७८मध्ये सुटलं. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांच्या यंत्रानं दुधातली साय फिरवून वेगळी करता येऊ लागली; तोवर ती परातीत वर येईपर्यंत थांबावं लागे. विसाव्या शतकात घरोघरी फ्रिज आला, आणि बर्फघराची चैन संपली.

आता ज्याला आपण ‘हलकं’ म्हणतो ते अगदी अलीकडचं. १९७०च्या दशकात फ्रेंच स्वयंपाक जड सॉस आणि भरमसाट लोण्यापासून दूर जाऊ लागला. गास्ताँ लनोत्र यांच्यासारख्या मिठाईकारांनी साखर आणि लोणी कमी करून गोडाचे पदार्थ हलके केले. १९९४च्या सुमारास स्पेनमध्ये फेरान आद्रिया या आचाऱ्यानं आणखी पुढे जाऊन सायफनमधून, म्हणजे वायूच्या दाबावर चालणाऱ्या बाटलीतून, फेस काढला. त्यात साय नाही, अंडंही नाही. फळाचा गर, थोडं जिलेटिन आणि दाबानं भरलेला वायू.