माळ्यावरचा प्रत्येक जुना चाकू भोसल्यांच्या काळातला नसतो

विदर्भातल्या खेड्यांत जुन्या वाड्याचा माळा उपसला की एखादा गंजका, बारका चाकू निघतो आणि लगेच सांगितलं जातं, हे भोसल्यांच्या शिपायाचं हत्यार. पुरावा म्हणून गंज आणि पात्यावरच्या बारीक तिरक्या रेघा दाखवतात. दोन्हींवरून काही ठरत नाही. उघडं लोखंड एका पावसाळ्यातही गंजतं. आणि त्या रेघा बहुधा कानशीच्या दातांच्या असतात. झिजलेल्या कानशीचं पोलाद उत्तम, म्हणून लोहार तिलाच तापवून, ठोकून चाकू घडवत आले; घासताना सगळे दात जात नाहीत. त्याला कोरीव लिपी समजणं म्हणजे लोहाराच्या कसबावर अन्याय आहे.

चाकू कशासाठी घडवला, हे धार आणि मूठ सांगतात. कट्यारीला आडवी मूठ असते, पातं दुधारी आणि भोसकण्यासाठी ताठ. चांभाराच्या रापीला टोक नसतं, धार पुढच्या रुंद कडेला असते. खुरप्याचं पातं मुठीपासून वळलेलं. वरूड-मोर्शीकडे मिळणारा छोटा चाकू, ज्याच्या मागच्या टोकाला बोथट चपटी जीभ असते, तो संत्र्याचे डोळे भरण्याचा, म्हणजे कळी बसवून कलम करण्याचा: पात्यानं जंभेरीच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या लिंबाच्या) रोपाला काप द्यायचा, जिभेनं साल उचलून डोळा आत बसवायचा. या भागातल्या कितीतरी संत्राबागा अशा चाकवांवर उभ्या राहिल्या, म्हणून तो जपायलाच हवा, पण शेतीचं अवजार म्हणून. आणि कृपा करून सँडपेपरनं घासू नका. घडणीच्या खुणा त्यानंच पुसल्या जातात.