सुई नेमकी कुठे टोचायची?

ॲक्युपंक्चर म्हणजे सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धत. ती शिकवण्यासाठी चीनमध्ये सोंग राजवटीत, १०२७ साली, वांग वेइयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली माणसाच्या उंचीचे दोन कांस्य पुतळे घडवले गेले. पुतळ्यांच्या अंगभर बारीक छिद्रं होती. परीक्षेच्या वेळी त्यांवर मेणाचा थर चढवून आत पाणी भरत, असं सांगतात. विद्यार्थ्याची सुई नेमक्या बिंदूवर पडली की पाणी बाहेर यायचं. चुकली की नापास!

इतका काटेकोरपणा कशासाठी, तर त्यामागे शरीराचा एक नकाशा आहे. या नकाशानुसार ‘ची’ नावाची जीवनशक्ती १२ मुख्य वाहिन्यांतून फिरते. ती कुठे अडली, कमी पडली किंवा यिन-यांग या दोन परस्परविरोधी पण पूरक शक्तींचा तोल ढळला की दुखणं उद्भवतं. मग वाहिनीवरच्या बिंदूत सुई टोचून वाट मोकळी करायची. पंचतत्त्वं त्यांच्याकडेही आहेत, पण आपले वायू आणि आकाश त्यांत नाहीत. लाकूड आणि धातू आहेत. हा नकाशा एका दमात तयार झालेला नाही. चीनमधल्या मावांगदुई इथल्या थडग्यात सापडलेल्या, इ. स. पू. १६८ च्या आधीच्या रेशमी लेखांत अकराच वाहिन्या आहेत आणि सुईचा पत्ताच नाही. पुढे बिंदूंची संख्या ३६१ वर स्थिरावली.

बिंदू शोधायचा तो रुग्णाच्याच बोटांनी मोजून. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक ‘त्सुन’. मळमळीवरचा ‘नेइग्वान’ बिंदू मनगटाच्या आतल्या घडीपासून दोन त्सुन वर असतो, मूठ आवळल्यावर उठून दिसणाऱ्या दोन कंडरांच्या मधोमध. सुई भरीव, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. ती फिरवताना आत जड, बधिर, ओढल्यासारखं वाटतं. ही ‘द-ची’ जाणवली की वैद्याला सुई लागू पडल्याची खूण पटते.

आता जर्मनीत चला. जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर, तिसऱ्याला औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी सुधारणा दिसली ती अनुक्रमे सुमारे ४८, ४४ आणि २७ टक्के रुग्णांत. म्हणजे सुयांनी बरं वाटलं, पण कुठे टोचल्या याने फारसा फरक पडला नाही! शवविच्छेदनातही त्या वाहिन्या सापडलेल्या नाहीत. सुईने मज्जातंतू चेतवले जातात, मेंदूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्यं स्रवतात, हा एक खुलासा. अपेक्षेचा आणि वैद्याने दिलेल्या वेळाचा वाटाही मोठा असणार. माझ्या मते नकाशा इतिहास म्हणून वाचावा आणि परिणाम चाचण्यांवर जोखावा.

जागा बेफिकिरीने निवडून मात्र चालत नाही. छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आहे, तेव्हा उपचारकाची नोंदणी विचारून घ्यावी आणि सुयांचं पाकीट आपल्यासमोरच फोडायला लावावं.